पारोशाने शिकार नाही

शिकारी म्हटला की आपल्याला आठवतो तो मेलेल्या वाघावर एक पाय ठेवून उभा राहिलेला संस्थानिक. मिशा, बंदूक, वाघ, फोटो. त्या फोटोच्या आधी बंदूक कोणी पुसली, पाणी कोणी भरलं, शिदोरी कोणी बांधली आणि वाघ दुपारचा कुठे झोपतो याची चौकशी कोणी केली, ते काही फोटोत येत नाही. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने फोटोत न येणारा हा सगळा भाग गोळा केला, त्याला संगीत लावलं आणि १ डिसेंबर २०१० रोजी ‘मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड’ या नावाने जपानच्या बाजारात आणला. सोनीच्या पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा खेळ. अक्राळविक्राळ जनावरं मारायची, एवढंच वरवर त्याचं स्वरूप. जपानी माणसांनी त्याच्या चाळीस लाखांवर प्रती विकत घेतल्या.

जपानबाहेर मात्र तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये नाही, कशातच नाही. आता ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ हे दोन शब्द ऐकले की मराठी मध्यमवर्गीय माणूस चादरीसुद्धा दुप्पट भावाने घेतो. इथे तर त्याच्याही वरची पायरी होती : एक्स्पोर्टच न करण्याची क्वालिटी! हा खेळ मिळवायलाच हवा होता.

सुदैवाने माझा मेहुणा तेव्हा टोकियोत निशी-कासाईला राहत होता. एदोगावा वॉर्डातल्या त्या भागात भारतीय सॉफ्टवेअरवाल्यांनी इतका जम बसवला आहे की तूरडाळ आणि हिंग चालत जाऊन आणता येतो. २०११च्या दिवाळीला तो घरी येणार म्हटल्यावर नातेवाइकांच्या याद्या गेल्या. एका मावशींना जपानी चाकू हवा होता, एका काकांना जपानी नेलकटर. बुलेट ट्रेन धावणाऱ्या देशाकडून नखं कापायचं साधन मागवणारे काका मला तेव्हा फार अल्पसंतुष्ट वाटले होते. माझी ओळ यादीच्या तळाशी होती. मेहुण्याने ग्रीन टीच्या दोन पुड्यांच्या मध्ये बसवून खेळाची चकती आणली.

पीएसपीची एक मेहेरबानी होती. तिच्या सिनेमाच्या चकत्यांना प्रदेशाचं कुलूप असे, खेळांच्या चकत्यांना नसे. त्यामुळे टोकियोतली चकती मुंबईतल्या यंत्रात निमूटपणे फिरते. निमूटपणे म्हणजे, तशी ती घर्रर्र आवाज करत फिरते. पण तो आवाज जपानी नसतो, आपल्याला समजतो. निन्टेन्डोने मात्र आपल्या थ्रीडीएस या यंत्रावर खेळांनाही कुलूप घातलं आणि मेहुण्यांचा हा उपयोग जवळजवळ संपला.

खेळ सुरू झाला आणि पहिला खटका उडाला तो होय-नाहीचा. पीएसपीवर गोळा, फुली, त्रिकोण आणि चौकोन अशी चार बटणं. परदेशात विकल्या जाणाऱ्या खेळांत फुली म्हणजे ‘होय’ आणि गोळा म्हणजे ‘नको’. जपानी खेळांत तेव्हा बरोबर उलट. तिथले मास्तर बरोबर उत्तराला गोळा काढतात आणि चुकलेल्याला फुली मारतात. आपल्या मास्तरांनी आयुष्यभर गोळा दिला तो फक्त एकूण गुणांच्या जागी. गोळा दिसला की घाम फुटणाऱ्या माणसाने तोच दाबून ‘होय, मी तयार आहे’ म्हणायचं. त्यामुळे सुरुवातीला माझा शिकारी भलताच द्विधा मनःस्थितीत वावरत असे. गावप्रमुख बाईंकडून काम घ्यायचा, लगेच परत करायचा. दुकानात जायचा, काही न घेता बाहेर यायचा. दुकानदारीण दर वेळी तितक्याच अदबीने वाकत होती. आपल्याकडे तिसऱ्या खेपेला तिने विचारलं असतं, “घ्यायचंय का नुसतं बघायचंय?”

अक्षरओळख शून्य. कथेत काय चाललंय याचा पत्ता नाही. पण आठवडाभरात लक्षात आलं की माणसाला वाचता येण्याची गरज फार थोड्या ठिकाणी असते. वरून तिसरी ओळ म्हणजे पेटी, दुसऱ्या खणातला हिरवा बुधला म्हणजे औषध, लाल चौकट आली की काहीतरी नाही म्हणतायत. आपण बँकेचं सॉफ्टवेअर, सोसायटीचा जमाखर्च आणि आयकराचा फॉर्म याच पद्धतीने हाताळतो. ते मराठीत आले तरी याच पद्धतीने हाताळू.

मात्र कथा वगळली की त्या खेळात उरतं काय? उरतं घरकाम. अस्सल, सोललेलं, न संपणारं घरकाम.

गावाचं नाव युकुमो. डोंगरात वसलेलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथे शिकारीला निघण्यापूर्वी आधी स्नान करायचं. अंगावरचं चिलखत उतरवायचं, पंचा गुंडाळायचा, कुंडात उतरायचं, वर येऊन बाटलीतलं काहीतरी प्यायचं आणि मग कामाला लागायचं. स्नान केलं की अंगात ताकद वाढते. ही पायरी कोणी सक्तीची केलेली नाही, पण चुकवली तर शिकारी पहिल्याच झटापटीत आडवा होतो. पीएसपी-३०००ला टीव्हीशी जोडायची वायर मिळायची. टीव्हीच्या मधोमध छोटं चित्र आणि भोवती जाडजूड काळी चौकट, असं ते दिसायचं. आईची मालिका संपून बातम्या लागायच्या त्या वेळेवर मी हक्क सांगितला होता. तिने चष्मा वर करून ते स्नान पाहिलं आणि म्हणाली, “वळण आहे हो पोराला. पारोसा बाहेर पडत नाही.” शेवटचे तीन शब्द माझ्याकडे बघून म्हटले होते.

जपानमध्ये या स्नानाचं प्रस्थ इतकं वाढलं की नागानो प्रांतातल्या शिबु ओन्सेन या खऱ्याखुऱ्या झऱ्यांच्या गावाने खेळाशी सोयरीक केली. गल्ल्यांतून खेळाची निशाणं लागली आणि घरी बसून शिकार करणारी मंडळी खरी आंघोळ करायला गाड्या भरून तिथे जाऊ लागली. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आपलं वज्रेश्वरी काय वाईट आहे?”

स्नानानंतर स्वयंपाक. शिकाऱ्याचा दम मोजणारी एक पट्टी वर असते आणि ती काळ जाईल तशी आखडत जाते. उपाय एकच : रानात शेगडी मांडायची, सळईला मांस लावायचं आणि दांडा फिरवत बसायचं. सोबत एक उडती धून वाजते. धून संपल्यावर नेमक्या क्षणी बटण दाबलं तर खरपूस, आधी दाबलं तर कच्चं, मागाहून दाबलं तर कोळसा. खरपूस झालं की एक आवाज भरघोस कौतुक करतो. मी गॅससमोर उभा राहून केलेल्या कोणत्याही गोष्टीचं इतक्या मोकळेपणाने कौतुक झालेलं नाही. बायकोचंही कोणी केलेलं नाही, हे तिने तिथल्या तिथे नमूद केलं.

मग औषधं. झाडपाला आणि निळं अळिंबं मिळून साधं औषध, त्यात मध घातला की जालीम. म्हणजे मध पाहिजे. मध कायमच पाहिजे. कोणत्याही शिकाऱ्याला विचारा, ड्रॅगनाची भीती नाही, मध संपल्याची आहे. वाळवंटात दिवसा जायचं तर थंडावा देणारं पेय पाहिजे, त्याच वाळवंटात रात्री जायचं तर ऊब देणारं. सापळे, जाळी, जनावराचा माग राहावा म्हणून त्याला मारायचे रंगाचे गोळे, हे सगळं आठवणीने पिशवीत भरायचं. इथे माझ्या लक्षात आलं की हे काम मी पूर्वी पाहिलेलं आहे. गाडी सुटायच्या आधी घरातली बाई उंबऱ्यावर उभी राहून जे मोजते तेच हे. फरक इतकाच, की तिच्या बॅकग्राउंडला ढोल वाजत नाहीत, नवरा “चल गं लवकर” म्हणत असतो.

एवढं सगळं झाल्यावर जनावर भेटतं. आणि जनावर भेटलं तरी घरकाम सुटत नाही. तलवारीची धार पडद्याच्या कोपऱ्यात रंगाने दाखवतात : हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. वार करत गेलं की धार उतरते आणि मग तलवार कातड्यावरून टण्णकन उसळते. अशा वेळी चार मजली जनावर अंगावर येत असताना शिकारी काय करतो? गुडघ्यावर बसतो, पिशवीतून दगड काढतो आणि पात्यावरून शांतपणे घासतो. एक घासा, दुसरा घासा, तिसरा. मध्येच उठता येत नाही. जनावर वळतं, पाय आपटतं, धावत सुटतं, आणि आमचा हा चौथा घासा मारतोय! “घरातली विळी गणपतीपासून बोथट झालीय,” आतून आवाज आला, “तिला कोणी हात लावत नाही.”

औषध पिण्याचीही रीत आहे. जीव चिमटीएवढा उरलेला असताना शिकारी बुधला तोंडाला लावतो, मान मागे टाकून शेवटच्या थेंबापर्यंत पितो आणि मग, जनावर दोन हातांवर असताना, दोन्ही दंड फुगवून दाखवतो. हा पवित्रा टाळायची सोय नाही. औषधाने जेवढा जीव भरून आला तेवढा बहुतेक वेळा त्या दंड दाखवण्यात जातो. आई म्हणाली, “काढा पिऊन दंड कसले दाखवतोय? कोणाला दाखवतोय?” मला उत्तर नव्हतं. बहुधा कॅपकॉमकडेही नव्हतं, कारण पुढची कित्येक वर्षं त्यांनी तो पवित्रा तसाच ठेवला.

तीनदा बेशुद्ध पडलं की काम रद्द. पहिल्या दोन वेळा आयरू नावाची मांजरं हातगाडी घेऊन येतात, शिकाऱ्याला तीत घालतात, धावत तळावर नेतात आणि गाडी तिरकी करून त्याला जमिनीवर ओततात. प्रत्येक वेळी बिदागीतला एक हिस्सा कापला जातो. मांजरांचा पगार त्यातूनच निघत असावा. त्यांचं काम चोख असतं, पण चेहऱ्यावर सहानुभूती औषधालाही नसते. आईला ती मांजरं फार आवडली. मी धारातीर्थी पडलो की ती हातातलं निवडणं बाजूला ठेवून, गाडी कधी येते ते बघत बसे.

शिकारीला अशीच दोन मांजरं सोबतीला नेता येतात. ती जनावरावर धावून जातात, एक टोला खातात, जमिनीत बीळ पाडून गायब होतात आणि सगळं निवळल्यावर वर येऊन नाचतात. ऑफिसात काम केलेल्या कोणाही माणसाला ती ओळखीची वाटतील.

या खेळात जनावराचा जीव किती उरला हे दाखवणारी पट्टी नसते. आपली दिसते, त्याची नाही. त्याचं निरीक्षण करायचं. आणि इथे माझ्या दोन महिन्यांच्या सरावाला आईने सहज मागे टाकलं. पहिलं मोठं जनावर आओआशिरा, म्हणजे निळसर अस्वल. ते मधाच्या पोळ्यापाशी येतं, बसतं, हात चाटून मध खातं. झटापटीत आपल्याला कवेत घेतलं तर पिशवीतला मधही पळवतं. “खायला आलाय बिचारा,” आई म्हणाली, “खाऊन जाईल की. त्याच्या पंगतीत जाऊन कशाला मारतोस?” पण मी मारत सुटलो तशी तिची नजर तयार होत गेली. “दमलाय बघ तो, लाळ गळतेय.” खरंच, जनावर दमलं की त्याचा वेग उतरतो आणि तेव्हाच डाव साधायचा असतो. “आता चिडला, लांब हो.” मी लांब झालो नाही. मांजरं आली.

जिनओगा हे या खेळाचं मानाचं जनावर. लांडग्याच्या अंगाचं, पाठीवर विजेचे किडे घेऊन फिरणारं. ते मान वर करून आरोळी ठोकतं, चहूकडून चमकते किडे येऊन अंगावर बसतात, केस उभे राहतात आणि मग ते निळ्या उजेडात जे काही करतं त्याला पळणं हेच उत्तर. त्याच्याशी मी रात्र रात्र झुंजलो. एकदा ते एकाएकी पाठ फिरवून निघालं आणि मी हताशपणे म्हणालो, “गेलं पळून.”

“पळतंय कुठे,” आई म्हणाली, “मागचा उजवा पाय ओढतंय. आता घरी जाऊन झोपेल. तिकडेच जा.”

जखमी जनावर लंगडत गुहेत जातं आणि झोपून ताकद भरून काढतं, हा त्या खेळातला नियम शोधायला जपानी पुस्तिका वाचता यावी लागते अशी माझी समजूत होती. घरात चार माणसं आणि दोन तापाच्या साथी सांभाळलेल्या बाईला ती लागत नाही. मी गुहेत गेलो. जिनओगा पाय पोटाशी घेऊन झोपलं होतं. सापळा लावला, भूल दिली, काम फत्ते. आई म्हणाली, “मारलं नाहीस ना? बरं केलंस,” आणि निजायला गेली.

हात मात्र कामातून गेले. पीएसपीला दिशेची खुंटी एकच. डाव्या अंगठ्याने शिकारी पळवायचा, आणि आजूबाजूला बघायचं तर खुंटीच्या वरची चार बाणांची बटणं दाबायची. अंगठा एक आणि कामं दोन. यावर जपान्यांनी तोड काढली : अंगठा खुंटीवर ठेवून तर्जनी आकड्यासारखी वळवायची आणि वरून बाणांवर आणायची. या मुद्रेला तिथे ‘मोनहान-मोची’ असं रीतसर नाव आहे. तासभर ती मुद्रा केली की बोट सरळ व्हायला चहाचा कप धरावा लागतो, आणि कप धरवत नाही.

जपानमध्ये हा खेळ एकट्याने खेळायचा प्रकारच नव्हे. चार यंत्रं जवळ आणली की बिनतारी जोडली जातात आणि चौघं मिळून एक जनावर लोळवतात. त्यासाठी कॉलेजची पोरं आणि टाय लावलेले नोकरदार बर्गरच्या दुकानात एकेक शीतपेय घेऊन तासन्‌तास माना खाली घालून बसत. बारा प्रकारच्या हत्यारांपैकी एक तर चक्क वाद्य आहे. ते वाजवलं की सोबत्यांना जोर चढतो आणि वाजवून झालं की तेच जनावराच्या डोक्यात घालायचं. मी हौसेने वाद्य घेऊन सार्वजनिक स्नानगृहात बसलो, कारण सामूहिक शिकारीची नोंद तिथेच होते. माझ्या अर्ध्या मुंबईत तो खेळ असलेला माणूस नव्हता. विरार लोकलमध्ये कोणी भेटेल म्हणावं, तर तिथे दोन्ही हात यंत्राला द्यायचे म्हणजे उभं कशाच्या आधारावर राहायचं? शेवटी मी एकटाच वाजवत राहिलो आणि मांजरांना जोर चढत राहिला.

पुढे काही हौशी मंडळींनी सगळ्या खेळाचं इंग्रजी करून टाकलं. त्या गावातली माणसं इतके दिवस माझ्याशी काय बोलत होती, हे तेव्हा कळलं. कोणाला अळिंबं हवी होती, कोणाला हरणाची शिंगं, कोणाच्या वाटेत रानडुकरं आली होती. मी जी भव्य कथा हुकली म्हणून हळहळत होतो, ती येता येता आणायच्या सामानाची यादी निघाली. जिनओगा स्वतः २०१३ साली ‘मॉन्स्टर हंटर थ्री अल्टिमेट’मधून इंग्रजीत आलं तेव्हा मला काही नवं वाचायचं उरलं नव्हतं.

उरलं होतं फक्त रत्न. जिनओगाच्या अंगातून शंभरात जेमतेम दोन-चारदा एक निळसर रत्न निघतं आणि चांगली तलवार त्याच्यावाचून अडून बसते. ज्याला ते नको असतं त्याला पहिल्या फटक्यात मिळतं. यावर जपानी खेळाडूंचा एक लाडका सिद्धांत आहे : यंत्राच्या आत ‘बुत्सुयोकु सेन्सर’ बसवलेला असतो. तो खेळणाऱ्याच्या मनातली हाव ओळखतो आणि नेमकी तीच वस्तू दडवून ठेवतो. जगातल्या सर्वांत शिस्तप्रिय, इंजिनिअरिंगमध्ये मुरलेल्या समाजाने आकडेमोड बाजूला सारून हे मान्य केलं आहे.

मी ते आईला समजावून सांगायला गेलो. तिला ते समजावून सांगावं लागलं नाही.

“मग तू ते तोंडाने मागतोसच कशाला?” ती म्हणाली. “बैठकीत मुलाकडचे मागतात का? ‘आम्हाला काही नको, फक्त मुलगी आणि नारळ द्या,’ म्हणायचं. म्हणजे सगळं मिळतं.”

त्या रात्री शिकारीला निघण्यापूर्वी मी यंत्रासमोर मोठ्याने सांगितलं की आम्ही सहज भेटायला चाललोय, कशाची अपेक्षा नाही, तुमची ओळख वाढली तेवढं पुरे. आंघोळ केली, मध भरला, जिनओगाला गाठलं, लंगडेपर्यंत धीर धरला. कातडं, नख्या, शेपटी आणि सगळ्यात खाली, निळं, चमकणारं रत्न.

“मिळालं!” मी ओरडलो.

“हळू बोल,” आई म्हणाली, “ऐकेल ते.”

तिचं बरोबर होतं. तलवार झाली होती, पण चिलखत अजून व्हायचं होतं.